पत, भरवसा आणि रुपया

बँकेच्या दारात गर्दी का होते, परकीय गुंतवणूकदार काही आठवड्यांत पाठ का फिरवतात आणि त्याची झळ वर्धा जिल्ह्यातील कापूस उत्पादकापर्यंत कशी पोहोचते, याचा आढावा.

रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये वर्धा, नागपूर आणि बुलडाणा या विदर्भातील तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. बँकिंग परवान्यासाठी जोखीमभारित मालमत्तेच्या तुलनेत किमान ४ टक्के भांडवल असणे आवश्यक होते आणि ही अट या बँकांना पूर्ण करता आलेली नव्हती. कागदावर हा एक तांत्रिक निर्णय होता. प्रत्यक्षात मात्र जिल्ह्याच्या ग्रामीण पतपुरवठ्याचा जो मुख्य आधार, त्याच्यावर यापुढे भरवसा ठेवता येणार नाही, असा त्याचा अर्थ गावोगावी घेतला गेला.

अशा वेळी बँकेचे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. ठेवीदार अडकलेले पैसे कधी मिळतील याची विचारणा करू लागतो, हे सर्वांना दिसते. कर्जदाराच्या वागण्यातही बदल होतो, तो मात्र चटकन लक्षात येत नाही. पीककर्ज घेणारा शेतकरी जुने कर्ज फेडतो ते बऱ्याच अंशी पुढच्या हंगामात नवे कर्ज मिळेल या भरवशावर. बँक पुन्हा कर्ज देणारच नाही असे त्याला वाटू लागले, की फेडीची निकड उरत नाही. वसुली घटते, बँक आणखी दुबळी होते आणि मूळची शंका खरी ठरते.

हा अनुभव एका जिल्ह्याचा असला, तरी देशाची अर्थव्यवस्था आणि देशाचे चलन यांचा व्यवहारही याच रीतीने चालतो. फरक केवळ आकड्यांचा असतो.

‘पत’ म्हणजे काय?

मराठीत मध्यवर्ती बँकेच्या धोरणाला ‘पतधोरण’, कर्जवाटपाला ‘पतपुरवठा’, देशाच्या किंवा कंपनीच्या कर्जफेडीच्या क्षमतेच्या मोजमापाला ‘पतमानांकन’ आणि गल्लीतील छोट्या वित्तसंस्थेला ‘पतपेढी’ म्हणतात. या सर्व शब्दांच्या मुळाशी असलेल्या ‘पत’ या शब्दाला अब्रू हाही अर्थ आहे. दिलेला शब्द पाळणारा, अशी एखाद्याविषयी इतरांची जी खात्री असते, तीच त्याची पत.

रुपयाची नोट हेही असेच एक वचन आहे. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते, धारकाला तेवढी रक्कम देण्याचे आश्वासन असते आणि रिझर्व्ह बँक कायद्यानुसार केंद्र सरकारची हमी असते. नोटेच्या कागदाला स्वतःचे मूल्य जवळपास नाही. उद्या बाजारात दुसरा माणूसही ती त्याच मोलाने स्वीकारील, या खात्रीवर आज प्रत्येक जण ती स्वीकारतो.

व्यापक अर्थाने हा विश्वास दोन प्रकारचा असतो. आपली नोकरी टिकेल, उत्पन्न वाढेल आणि महागाई आटोक्यात राहील असे कुटुंबाला वाटते का, हा ग्राहकाचा विश्वास. तो असेल तर दुचाकी, घर, टीव्ही यांची खरेदी होते. गुंतवलेले भांडवल सुरक्षित राहील आणि त्यावर परतावा मिळेल असे उद्योजकाला, ठेवीदाराला किंवा परकीय वित्तसंस्थेला वाटते का, हा गुंतवणूकदाराचा विश्वास. तो असेल तर कारखाना उभा राहतो, कर्ज मिळते आणि परकीय चलन देशात येते. दोन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत. ग्राहकाने हात आखडता घेतला, की उद्योजकाचा माल पडून राहतो. उद्योजकाने विस्तार थांबवला, की नोकऱ्या जातात आणि ग्राहक हात आणखी आखडतो.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मानसिक घटकाला महत्त्वाचे स्थान दिले. गुंतवणुकीचे निर्णय केवळ गणिताने होत नाहीत, त्यामागे मनाची उभारी असते आणि ती ओसरली की गणित बरोबर असूनही व्यवहार थंडावतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याला पार्श्वभूमी होती ती जागतिक महामंदीची.

विश्वासाचे मोजमाप

मनाची अवस्था मोजायची कशी, या प्रश्नाला पहिले पद्धतशीर उत्तर अमेरिकेत मिळाले. मिशिगन विद्यापीठात जॉर्ज कटोना यांनी १९४६ पासून कुटुंबांची सर्वेक्षणे सुरू केली. त्यातून तयार झालेला ग्राहक-भावना निर्देशांक आजही शेअर बाजार आणि मध्यवर्ती बँका लक्षपूर्वक पाहतात.

भारतात रिझर्व्ह बँक २०१० पासून ग्राहक विश्वास सर्वेक्षण करीत आहे. सर्वसाधारण आर्थिक स्थिती, रोजगार, भाववाढ, उत्पन्न आणि खर्च या पाच बाबींविषयी कुटुंबांना प्रश्न विचारले जातात. वर्षभरापूर्वीच्या तुलनेत आज काय वाटते, यावरून ‘सद्यःस्थिती निर्देशांक’ आणि पुढील वर्षभराविषयी काय वाटते, यावरून ‘भावी अपेक्षा निर्देशांक’ काढला जातो. परिस्थिती सुधारली म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून बिघडली म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा करून पाचही बाबींची सरासरी घेतात आणि तीत १०० मिळवतात. निर्देशांक १०० च्या वर असेल तर आशावादी अधिक, खाली असेल तर निराश अधिक, असा त्याचा सरळ अर्थ. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, सद्यःस्थिती निर्देशांक ४८.५ पर्यंत घसरला होता. सर्वेक्षण सुरू झाल्यापासूनचा तोवरचा तो नीचांक ठरला.

हे सर्वेक्षण मोठ्या शहरांतील कुटुंबांचे आहे. पुढे त्याची व्याप्ती १९ शहरांपर्यंत वाढली, तेव्हा विदर्भातून त्यात नागपूरचा समावेश झाला. नागपूरपासून अवघ्या पाऊणशे किलोमीटरवर असलेल्या वर्ध्यातील ग्राहकाचा कल ठरतो तो वेगळ्या गोष्टींवर. पाऊस किती झाला, बोंडअळी आली का आणि कापसाला काय भाव फुटला, यावर इथल्या बाजारपेठेतील दिवाळीची खरेदी अवलंबून असते.

हिंगणघाटचा कापूस, मुंबईचे दिवाळे

जगाच्या बाजारातील विश्वासाशी वर्धा जिल्ह्याचा संबंध जिल्ह्याच्या जन्मापासूनचा आहे. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढून हा जिल्हा निर्माण करण्यात आला. त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून इंग्लंडला जाणारा कापूस जवळपास बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड आणि वर्ध्याच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीला अचानक महत्त्व आले. हिंगणघाट ही या भागातील कापसाची नामांकित पेठ होती आणि तिथल्या कापसाला ‘हिंगणघाट’ याच नावाने ओळखले जाई.

कापसाच्या तेजीतून मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, वित्तकंपन्या आणि समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. प्रेमचंद रायचंद हे या काळातील सर्वात प्रभावी दलाल. बॅक बे कंपनीच्या ५ हजार रुपये भरणा असलेल्या शेअरचा भाव ५० हजार रुपयांपर्यंत चढल्याचे त्या काळाच्या इतिहासात नमूद आहे. कंपनी काय काम करते, हे पाहण्याची गरज कोणालाच वाटत नव्हती. भाव काल वाढला, म्हणून उद्याही वाढेल, एवढाच हिशेब होता.

१८६५ मध्ये अमेरिकी युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. त्या दिवशी एकाने दुसऱ्याचे आणि दुसऱ्याने तिसऱ्याचे देणे भागवायचे होते. पहिला बुडाला आणि साखळीच बुडाली. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेने शेअर्सच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली होती. ही सरकारी भागभांडवल असलेली बँकही त्यातून सावरली नाही. १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. पुढे हीच बँक १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत आणि त्यातून १९५५ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली.

जून आणि जुलै १८६५ यांच्यामध्ये हिंगणघाटच्या शेतातील माती बदलली नव्हती, कापसाचा धागाही तोच होता. बदलला होता तो त्याच्या भविष्याविषयीचा अंदाज. अतिविश्वासाची ही बाजू नेहमी लक्षात ठेवावी लागते. विश्वासाचा अभाव जसा अर्थव्यवस्थेला मारक, तसाच पारख न करता ठेवलेला विश्वासही.

नोटेपेक्षा नाणे बरे

चलनावरील विश्वास डळमळला की काय होते, याचे ठळक उदाहरण दुसऱ्या महायुद्धात दिसले. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला. ब्रिटनही पडणार, अशी भावना हिंदुस्थानात पसरली. लोकांनी पोस्टाच्या बचत खात्यांतून पैसे काढण्यास सुरुवात केली आणि नोटा देऊन चांदीचे रुपये मागण्यासाठी रांगा लागल्या. राज्य गेले तर नोट जाईल, चांदी मात्र राहील, हा साधा व्यवहारी विचार त्यामागे होता.

सरकारने तीन उपाय केले. गरजेपेक्षा अधिक नाणी साठवणे गुन्हा ठरवले, एक रुपयाची नोट काढली आणि रुपयातील चांदीचे प्रमाण बाराअंश अकरावरून निम्म्यावर आणले. जुनी शुद्ध नाणी क्रमाक्रमाने परत घेण्यात आली. तातडीची टंचाई दूर झाली, परंतु पैशाचा कस उतरल्याची भावना लोकांच्या मनातून गेली नाही.

पुढील काळात महागाईने या भावनेला पुष्टी दिली. ब्रिटन युद्धासाठी हिंदुस्थानात धान्य, कापड आणि अन्य माल खरेदी करीत होते. त्याची किंमत लंडनमध्ये पौंडाच्या रूपाने हिंदुस्थानच्या नावे जमा होई आणि तिच्या आधारावर इथे नोटा छापल्या जात. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. १९४५ मध्ये हा आकडा ११०० कोटींच्या वर गेला. माल देशाबाहेर जात होता आणि नोटा देशात वाढत होत्या.

या व्यवहारावर कठोर टीका करणाऱ्यांमध्ये वर्ध्याच्या मगनवाडीतील अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा अग्रभागी होते. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणाऱ्या कुमारप्पांनी १९४३ मध्ये चलनवाढीची कारणे आणि उपाय यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पैशावरचा विश्वास हा केवळ बँकर आणि व्यापाऱ्यांचा विषय नाही. मजुरीच्या मोबदल्यात नोट घेणाऱ्या आणि आठवड्याने तिच्यात कमी धान्य विकत घेणाऱ्या माणसाचा तो विषय आहे, ही जाणीव मगनवाडीतल्या अर्थविचाराच्या मुळाशी होती.

१९९१ आणि २०१३

स्वतंत्र भारताला विश्वासाच्या संकटाचा सर्वात कडक अनुभव आला तो १९९१ मध्ये. १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर तेलाचे भाव भडकले. सरकारची तूट मोठी होती आणि केंद्रात अस्थिरता होती. आंतरराष्ट्रीय संस्थांनी भारताचे पतमानांकन खाली आणले. त्यानंतर अनिवासी भारतीयांनी आपल्या ठेवी काढून घेण्यास सुरुवात केली. जून १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती.

मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत २० टन सोने स्वित्झर्लंडमध्ये पुनर्खरेदीच्या अटीवर विकण्यात आले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी डॉलर्सहून थोडी अधिक रक्कम उभी केली. १ आणि ३ जुलै रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव सुमारे २१ रुपयांवरून २६ रुपयांच्या घरात गेला. घरातले सोने गहाण ठेवण्याची नामुष्की काय असते, हे मध्यमवर्गीय कुटुंबाला समजावून सांगावे लागले नाही. या निर्णयाने मोठी खळबळ उडाली, परंतु भारताने एकाही कर्जाचा हप्ता चुकवला नाही. देशाची पत राहिली ती यामुळे. नोव्हेंबर २००९ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले, तेव्हा एक वर्तुळ पूर्ण झाले.

२०१३ चे संकट वेगळ्या स्वरूपाचे होते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी २२ मे २०१३ रोजी रोखेखरेदी कमी करण्याचे सूतोवाच केले. अमेरिकेत व्याजदर वाढतील, या अपेक्षेने उदयोन्मुख देशांतून भांडवल परत जाऊ लागले. चालू खात्यावरील मोठी तूट असलेल्या पाच ‘नाजूक’ देशांच्या यादीत ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तानबरोबर भारताचे नाव आले. मे महिन्यात ५५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्ट रोजी ६८ रुपयांच्या पुढे गेला.

अशा घसरणीत भर घालण्याचे काम देशातील व्यावसायिकच करतात. उद्या डॉलर महागणार, असे वाटल्यावर आयातदार आजच डॉलर खरेदी करून ठेवतो आणि निर्यातदार परदेशात जमा झालेले डॉलर मायदेशी आणण्यास विलंब लावतो. दोघेही स्वतःपुरते शहाणपणाने वागतात. परंतु सर्वांच्या शहाणपणाची बेरीज म्हणजे डॉलरची टंचाई. रुपया घसरेल, ही समजूतच रुपयाला घसरवते.

सप्टेंबर २०१३ च्या आरंभी रघुराम राजन यांनी रिझर्व्ह बँकेची सूत्रे स्वीकारली. अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवी आणणाऱ्या बँकांना विनिमय दरातील चढउतारापासून सवलतीच्या दरात संरक्षण देण्याची योजना जाहीर झाली. बँकांच्या परदेशी कर्जांसह त्यातून सुमारे ३४०० कोटी डॉलर आले. मात्र ही रक्कम पूर्ण जमा होण्याच्या आधीच रुपया सावरू लागला होता. उपाय ठोस आहे आणि करणाऱ्याला तो पार पाडता येईल, एवढी खात्री बाजाराला पुरेशी ठरली.

त्यानंतर गंगाजळी वाढवण्यावर रिझर्व्ह बँकेने सातत्याने भर दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ७० हजार कोटी डॉलर्सच्या पुढे गेली. स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेने जानेवारी २००७ मध्ये भारताला गुंतवणूकयोग्य श्रेणीत घेतले होते. त्यापुढची पायरी चढण्यास ऑगस्ट २०२५ उजाडले. पत जाण्यास काही आठवडे लागतात आणि मिळवण्यास अठरा वर्षे, हे यावरून दिसते.

रुपया घसरला तर कापसाचे भले?

रुपया स्वस्त झाला, की निर्यात होणाऱ्या मालाचे रुपयांतील मोल वाढते. त्यामुळे रुपयाच्या घसरणीत कापूस उत्पादकाचा फायदा आहे, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. शेतकऱ्याला लागणारे पालाश खत पूर्णतः आयातीवर आणि डीएपी मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून आहे. डिझेलचे आणि खाद्यतेलाचेही तेच. घसरलेल्या रुपयाने भाव वाढण्याआधी खर्च वाढतो आणि वाढलेला भाव शेतकऱ्याकडे माल असतानाच मिळेल, याची शाश्वती नसते.

अपेक्षा शेताच्या बांधावरही कशा काम करतात, हे अलीकडेच दिसले. २०२१-२२ च्या हंगामात विदर्भातील कापसाला क्विंटलमागे १० हजार रुपयांच्या वर भाव मिळाला. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता. ज्यांनी लवकर विकला त्यांना हळहळ वाटली, ज्यांनी थांबवून ठेवला ते फायद्यात राहिले. पुढच्या हंगामात हमीभाव ६,३८० रुपये होता आणि बाजार त्याहून वर होता. तरीही अनेकांनी गेल्या वर्षीचा भाव पुन्हा येईल, या आशेने कापूस घरात भरून ठेवला. तो भाव आला नाही. उन्हाळा लागला, कापसाचे वजन घटले, घरात पिसवांचा त्रास झाला आणि खरिपाच्या तोंडावर मिळेल त्या भावाने माल द्यावा लागला.

धोरणातील धरसोड या अनिश्चिततेत भर घालते. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसावर एकूण ११ टक्के आयातशुल्क लागू झाले. एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी उठवण्यात आले. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादल्याच्या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०२५ मध्ये ते पुन्हा उठवले गेले आणि आधी सप्टेंबरअखेरपर्यंत असलेली मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवण्यात आली. गिरण्यांना दिलासा देणे हा हेतू होता. तथापि, जूनमध्ये पेरणी करताना शेतकऱ्याने जे नियम गृहीत धरले, ते वेचणीच्या आधीच बदलले. भांडवल गुंतवणाऱ्या परकीय कंपनीला धोरणसातत्याची हमी हवी असते. जमिनीत बियाणे टाकणारा शेतकरीही गुंतवणूकदारच आहे, याचा विसर पडता कामा नये.

जिल्हा बँकेची पत

वर्धा जिल्हा बँकेच्या प्रश्नाची मुळे २०१२ च्या दहा वर्षे आधीची आहेत. सरकारी रोखे ही देशातील सर्वात सुरक्षित गुंतवणूक मानली जाते. २००२ मध्ये उघडकीस आलेल्या रोखे प्रकरणात नागपूर, वर्धा आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, यांसह काही सहकारी बँकांनी होम ट्रेड या दलाली कंपनीमार्फत अशा रोख्यांसाठी पैसे दिले होते. रोखे मात्र बँकांच्या हाती आले नाहीत. त्याआधी सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन यांना घेऊन या कंपनीने केलेल्या जाहिराती देशभर गाजल्या होत्या. रोख्यावर ठेवायचा विश्वास दलालावर ठेवला गेला आणि दलालाची पारख जाहिरातीवरून झाली. १८६५ च्या मुंबईतील चूक १३७ वर्षांनी वेगळ्या रूपात पुन्हा घडली.

या प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे कागदी स्वरूपात न ठेवता डिमॅट स्वरूपात ठेवण्याचे बंधन वित्तसंस्थांवर घातले. रोखा खरोखर आपल्या नावावर आहे का, हे त्यामुळे तपासता येऊ लागले. न्यायालयीन प्रक्रिया मात्र रेंगाळली. नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी. या निकालाविरुद्ध अपील करण्यात आले आहे.

वर्धा हा २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या ३,७५० कोटी रुपयांच्या मदतयोजनेतील विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. अशा जिल्ह्यात गावची सेवा सहकारी संस्था, जिल्हा बँक आणि राज्य सहकारी बँक ही तीन पायऱ्यांची रचना मधल्या पायरीवर मोडली, की शेतकऱ्यापुढे सावकाराचा दरवाजा उरतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनासाठी २,३७५ कोटी ४२ लाख रुपयांची योजना मंजूर केली. त्यात महाराष्ट्रातील याच तीन बँका होत्या. केंद्राचा वाटा ६७३ कोटी २९ लाख, चार राज्यांचा १,४६४ कोटी ५९ लाख आणि नाबार्डचा २३७ कोटी ५४ लाख रुपयांचा होता. भांडवलाची भरपाई अशी सार्वजनिक तिजोरीतून झाली. तुटलेल्या विश्वासाची किंमत तो तोडणाऱ्यांनी दिली नाही. ती ठेवीदार, शेतकरी आणि करदाते यांनी दिली.

बँक सावरत असतानाच नोटाबंदी आली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी चलनातील ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली. कापसाच्या ऐन हंगामातला तो काळ होता. राष्ट्रीयीकृत बँकेला जी मुभा, ती जिल्हा बँकेला नाही, यातून खातेदाराने काढायचा तोच अर्थ काढला. वर्ध्यासह राज्यातील आठ जिल्हा बँकांकडे पडून राहिलेल्या सुमारे ११२ कोटी रुपयांच्या जुन्या नोटांचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

विश्वास कशाने टिकतो?

घाबरू नका, असे आवाहन करून बँकेसमोरची रांग कमी होत नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकूनच पितो. रांग कमी होते ती तपासता येण्याजोग्या आश्वासनाने. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळमधील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर ठेव विम्याची कल्पना पुढे आली आणि १ जानेवारी १९६२ पासून ती अमलात आली. तेव्हा संरक्षण १,५०० रुपयांचे होते. १९९३ मध्ये ते १ लाख रुपये झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आल्यानंतर मुंबईतील ठेवीदारांचे हाल देशाने पाहिले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा ५ लाख रुपयांवर नेण्यात आली. २०२१ च्या कायदादुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकेतील विमा संरक्षित रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद केली. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील मुद्दल आणि व्याज मिळून असते. नागरी आणि जिल्हा सहकारी बँकांनाही ती लागू आहे. सहकारी पतसंस्थांना मात्र हे विमासंरक्षण नाही, हा फरक अनेक ठेवीदारांना ठाऊक नसतो.

देशाच्या पातळीवर हेच काम गंगाजळी, वेळेवर जाहीर होणारी विश्वासार्ह आकडेवारी आणि महागाईचे जाहीर उद्दिष्ट करतात. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर महागाईचा दर ४ टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के इकडे-तिकडे, ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. तीन तिमाही सलग ही मर्यादा ओलांडली गेल्यास बँकेला सरकारकडे लेखी खुलासा करावा लागतो. बाजार अशा बांधिलकीला महत्त्व देतो, कारण ती पाळली गेली की नाही, हे कोणालाही पाहता येते.

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाची गाडी आली, की व्यापारी कापूस हातात घेतो, धागा ओढून पाहतो, ओलावा पाहतो आणि मगच बोली लावतो. विश्वास आणि पारख यांत तिथे विरोध नसतो. १८६५ मध्ये शेअर घेताना आणि २००२ मध्ये रोखे घेताना पारख झाली असती, तर किमान हिंगणघाटच्या त्या व्यापाऱ्याइतकी सावधगिरी तरी बाळगली गेली असती. पुढची किंमत कोणाला मोजावी लागली, हे वर्धा जिल्ह्याने अनुभवले आहे.